२४ तारखेच्या रात्री कढई चुलीवर नको : नाताळच्या तयारीचा क्रम

२४ डिसेंबरच्या रात्री चर्चमधल्या बाकांवर एक नजर टाका. पुरुष आलेले असतात, मुलं नव्या कपड्यांत मिरवत असतात, गावाहून आलेले पाहुणेही असतात. ज्या घरी पाहुणे सगळ्यांत जास्त, त्या घरातली बाई मात्र दिसत नाही. ती घरी चकल्या तळत असते. माझी आई कित्येक वर्षं अर्पणाच्या गीताला मागच्या दाराने यायची, शेवटच्या बाकावर टेकायची आणि आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी उठून घर गाठायची. तिच्या पदराला तळणाचा वास यायचा. आम्हा मुलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता फार वाटतं.

म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे. आम्ही नगरकडची प्रॉटेस्टंट माणसं जसा नाताळ करतो तसा तो आहे. वसईकडच्या कॅथलिक घरांत उपासनेच्या जागी मिस्सा असेल, पाळकसाहेबांच्या जागी फादर असतील आणि गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, थाट आमच्यापेक्षा मोठा असेल, पण कामांची मांडणी त्यांनाही चालेल. सगळ्याचा आधार एकच: २३ तारखेला दुपारी कढई उतरली पाहिजे. बाकीच्या तारखा तिथून मागे मोजायच्या.

१. ऑक्टोबर-नोव्हेंबर : तिकिटं, रजा, शिंपी आणि तीन याद्या

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीचं २४ ऑक्टोबरला. हे दिवस दिवाळीच्या आगेमागेच येतात, त्यामुळे तारीख हमखास निसटते आणि मग मुलं २४ च्या रात्री स्टेशनवर ताटकळत बसतात. सरकारी सुट्टी फक्त २५ ची असते, २४ आणि २६ ची नसते. रजेचा अर्ज नोव्हेंबरातच टाका आणि परतीचं तिकीट २६ चं काढू नका. एकमेकांकडे निवांत जायला तोच एक दिवस मिळतो.

तुळशीची लग्नं लागली की शिंप्याकडे लग्नसराईचे कपडे येऊन पडतात. आपलं कापड त्याआधी त्याच्या हातात गेलं पाहिजे. तारीख सांगताना १५ डिसेंबर सांगा. खांदा उतरवायचा झाला, बाही सैल करायची झाली, तर मध्ये दहा दिवस हाताशी राहतात.

याच सुमारास एका वहीत तीन याद्या करा. पहिली, घरी कोण कोण येणार. दुसरी, फराळाची ताटं कुणाकुणाकडे जाणार आणि त्या घरात काय चालतं, काय चालत नाही. तिसरी यादी बहुतेक जण करतच नाहीत: या वर्षात ज्यांच्या घरी मृत्यू झाला, ज्यांचं माणूस दवाखान्यात आहे, जे म्हातारपणामुळे चर्चला येऊ शकत नाहीत. ही तिसरी यादी पुढे दोन ठिकाणी लागणार आहे.

*तपासा :* आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या रविवारच्या आत तिकिटं, रजा, कापड आणि याद्या या चारही गोष्टींवर खूण झालेली असावी.

२. डिसेंबरचा पहिला पंधरवडा : चांदणी, मेणबत्त्या, गोठा

चांदणी पहिल्या आठवड्यात टांगा. दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर तीच वापरली तरी चालते, पण आधी ती पूर्ण उलगडून हाताने चाचपून बघा. उंदराने कुरतडलेली जागा डोळ्याला पटकन दिसत नाही. कागदी चांदणीत जुना पिवळा बल्ब अजिबात लावू नका. त्याच्या उष्णतेने कागद आधी तपकिरी पडतो आणि मग पेटतो. ५ ते ७ वॉटचा एलईडी पुरेसा आहे. जोड गॅलरीच्या आत, छपराखाली घ्या, कारण डिसेंबरातही पहाटे दव पडतं.

हिरव्या पानांच्या चक्रावर लावायच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची. चक्राच्या मधोमध पाचवी, पांढरी असते; ती नाताळलाच लावायची. दर रविवारी एक वाढवत जायचं असतं. पुष्कळ घरांत शोभेसाठी पहिल्याच दिवशी चारही पेटवतात आणि मग मुलांना वाट बघण्यासारखं काही उरत नाही. खालच्या चक्राची हिरवी पानं दर आठवड्याला बदला. वाळलेल्या पानांवर ज्योत नको.

गोठ्यासाठी हिरवळ हवी असेल तर गहू किंवा नाचणी पेरा. नवरात्रात घटाला पेरतात अगदी तसंच: गहू रात्रभर भिजवायचे, परडीत किंवा पसरट ताटात बोटभर मातीवर दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. थंडीत गव्हाला बोटभर उंची यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून १२-१३ तारखेला पेरणी. महिन्याच्या सुरुवातीला पेरलेले गहू नाताळपर्यंत पिवळे पडून आडवे होतात. पहिले दोन दिवस ताट झाकून ठेवा, नाहीतर चिमण्या-कबुतरं दाणे टिपतात.

गोठा मांडताना गव्हाण रिकामी ठेवायची. येशूबाळ २४ च्या रात्री उपासनेहून आल्यावर ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून ठेवायचं. पूर्वेकडचे ज्ञानी लोकही लगेच गोठ्याशी आणू नका. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा पुस्तकांच्या फळीवर उभं करा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते पोहोचतील. मेंढपाळांची गोष्ट बायबलमध्ये लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ज्ञानी लोकांची मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात. मेंढपाळ त्याच रात्री आले आणि ज्ञानी लोक नंतर, हा फरक या सरकवण्यातून मुलांना न शिकवता कळतो.

*सावधान :* पेंढ्याजवळ पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका, काचेच्या आतली असली तरी.

३. केक : सुकामेवा आधी, बेकिंग पावडर शेवटी

एका मोठ्या केकला २५० ग्रॅम मैदा, तेवढंच लोणी, तेवढीच साखर, ५ अंडी, ४०० ग्रॅम सुकामेवा, एक सपाट चमचा बेकिंग पावडर आणि चवीला जायफळ-दालचिनी. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या पुढच्या चार ठिकाणी.

पहिली चूक भिजवण्यात. रममध्ये भिजवलेला सुकामेवा बरणीत महिनाभर टिकतो. संत्र्याच्या रसात भिजवलेला टिकत नाही. आमच्या पुष्कळ घरांत दारू चालत नाही, म्हणून रस वापरतात आणि रमवाल्यांचं ऐकून बरणी महिनाभर ओट्यावर ठेवतात. तो आंबतो, फसफसतो आणि शेवटी फेकावा लागतो. रसातला मेवा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नाही.

दुसरी, थंडी. डिसेंबरात लोणी दगडासारखं असतं आणि अंडी फ्रिजमधून थेट येतात. फेसताना मिश्रण फाटतं आणि केक जड होतो. दोन्ही वस्तू तीन-चार तास आधी बाहेर काढून ठेवा.

तिसरी, रंगासाठी साखर जाळताना. साखर गडद तपकिरी झाली की त्यात कडकडीत गरम पाणी घालायचं असतं, तेही हात लांब ठेवून, थोडं थोडं. गार पाणी ओतलं की ती उसळते आणि मनगटावर येते. त्या वेळी मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा.

चौथी बेकरीच्या भट्टीवर केक नेणाऱ्यांची. घरून सगळं मिश्रण तयार करून न्यायचं आणि तिथे रांगेत दीड तास उभं राहायचं, असं केलं की बेकिंग पावडरचा जोर रांगेतच संपतो. लोणी, साखर आणि अंडी घरून फेसून न्या. मैदा व बेकिंग पावडर एकत्र चाळून वेगळ्या डब्यात, सुकामेवा मैद्यात घोळवून तिसऱ्या डब्यात. घोळवलेला मेवा तळाला बसत नाही. आपला नंबर यायला पाच मिनिटं राहिली की एकत्र करा आणि तिथेच भांड्यात ओता. भांड्याच्या तळाला नाव टाकलेलं असू द्या. घरच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर सव्वा ते दीड तास; मध्यभागी विणायची सुई खुपसून कोरडी निघाली पाहिजे.

केक १८ ते २० तारखेच्या दरम्यान करा. पूर्ण गार झाल्यावरच बटरपेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. दोन-तीन दिवसांनी तो मुरतो आणि सुरीखाली भुगा होत नाही.

४. फराळ : टिकणारं आधी, नाजूक नंतर

कंटाळवाणं काम पुढे ढकलायचं आणि आवडीचं आधी करायचं, अशीच सगळ्यांची सवय. म्हणून ओल्या नारळाचे लाडू पहिल्यांदा होतात आणि २५ ला त्यांना वास येतो. किती दिवस टिकतं त्यावर क्रम लावा.

अनारसे करायचे असतील तर ८-९ तारखेलाच तांदूळ भिजत घाला. तीन दिवस, रोज पाणी बदलून. त्यानंतर १४-१५ ला शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू, १७ ला चिवडा, १९ ला चकली, २१ ला करंज्या. २२ तारीख मोकळी ठेवा. ती चुकलेल्या कामासाठी आहे, आणि काहीतरी चुकतंच. ओल्या नारळाचं काही हवंच असेल तर २३ च्या सकाळी.

करंजीवर जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त रडारड तिच्यावरून होते. सारण आदल्या दिवशी करा: सुकं खोबरं मंद आचेवर हलकं खमंग होईपर्यंत, खसखस वेगळी भाजून, आणि पिठीसाखर खोबरं पूर्ण गार झाल्यावर. गरम खोबऱ्यात साखर घातली की ती पाझरते, सारण ओलसर होतं आणि करंजी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. रवा-मैद्याला मोहन कडकडीत घाला. थंडीत तूप हातातच थिजतं आणि पिठात सारखं मुरत नाही. भिजवलेला गोळा तासभर झाकून ठेवा, मग कुटून घ्या. लाट्या ओल्या फडक्याखाली असू द्या, एका वेळी एकच बाहेर. सारण भरताना कडेला अर्धा बोट जागा सोडा, कडेवरून दुधाचं बोट फिरवा, दाबा आणि मगच कातण्याने कापा. सारणाचा एक कण जरी त्या कडेत अडकला तरी तेलात करंजी तिथेच उघडते आणि सगळं तेल काळं होतं. तसं झालं तर लगेच तेल गाळून घ्या. तसंच पुढे तळत राहिलात तर पुढच्या वीस करंज्यांवर जळक्या साखरेचे ठिपके पडतील.

या कामाला माणसं बोलवा. एक लाटणारी, एक भरणारी, एक कापणारी, एक तळणारी. आमच्याकडे शेजारच्या दोन काकू दरवर्षी येतात आणि त्यांच्या दिवाळीला मी जाते. शंभर करंज्या दोन-अडीच तासांत होतात.

*तपासा :* २३ तारखेला दुपारी १२ वाजता डबे भरलेले, कढई घासून पालथी आणि तेल गाळून बाटलीत.

५. कॅरल फेरी : घरं मोजा, मग वेळ सांगा

फेरीचं सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे घरं जास्त धरणं. हिशेब करून बघा: एका घरी दोन गीतं, छोटं वाचन, प्रार्थना, चहा नको नको म्हणताना घेतलेला चहा आणि चप्पल शोधणं, असं मिळून १५ मिनिटं. सातला सुरू केलं तर साडेनऊपर्यंत दहा घरं होतात. आपण वीस जणांना हो म्हणतो आणि शेवटच्या घरातल्या आजी पावणेबारापर्यंत दार उघडं ठेवून बसतात.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो आणि उघड्यावर वाद्यंही वाजवायची नसतात. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सवलत देतं. आपल्या जिल्ह्यात कोणते दिवस आहेत ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. सवलत असली तरी तान्हं बाळ किंवा परीक्षेचं पोर असलेल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून या.

आता ती तिसरी यादी काढा. एका वर्षी आम्ही ढोलकी, झांजा, सांताक्लॉज अशा थाटात एका दारात शिरलो. त्या घरातले गृहस्थ ऑक्टोबरात वारले होते. बाईंनी आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या आणि आम्ही गात होतो तेवढा वेळ त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत उभ्या राहिल्या. यादी असती तर ते टळलं असतं. दुःखाच्या घरी जरूर जा, पण तीन-चार जणांनीच, वाद्यांशिवाय. आधी विचारून, एक संथ गीत आणि प्रार्थना. फराळही त्यांच्याकडे आपण न्यायचा.

अंथरुणाला खिळलेल्यांची नावं पाळकसाहेबांना डिसेंबरच्या पहिल्या रविवारीच द्या, म्हणजे घरी जाऊन प्रभुभोजन देण्याची वेळ ते ठरवू शकतात. २४ ला सांगितलं तर त्यांना शक्य होत नाही.

६. २३ ची दुपार ते २५ ची सकाळ

२३ च्या दुपारनंतर फक्त झाडलोट आणि कपड्यांना इस्त्री. मटणाची मागणी खाटकाकडे त्याच दिवशी नोंदवा, नाहीतर २५ च्या सकाळची उपासना रांगेत जाते. २४ ला जेवण साधं: खिचडी-कढी. पाहुणे असले तरी खिचडीच.

उपासनेला अर्धा तास आधी निघा. अर्पणाचं पाकीट, मुलांचे स्वेटर आणि नाटकात काम करणाऱ्या मुलाचा पोशाख हे तिन्ही दाराजवळ एका पिशवीत ठेवा. घरी आल्यावर येशूबाळ गव्हाणीत, लूक २:१-२० चं वाचन घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यांकडून, एक प्रार्थना, मग केक कापायचा. हे पंधरा मिनिटांत होतं, आणि मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू द्या.

७. शेजाऱ्यांची ताटं : २५ लाच, स्वतःच्या हाताने

ताटं पाठवायला लोक २६-२७ उजाडवतात आणि डब्यातला उरलासुरला चुरा पाठवतात. दिवाळीत आपल्याकडे ताजं ताट येतं. आपलंही तसंच गेलं पाहिजे.

दुसरी यादी समोर ठेवून ताटं लावा:

- शाकाहारी घर: केक द्यायचाच तर बिनअंड्याचा, वेगळ्या भांड्यात भाजलेला, आणि तसं तोंडाने सांगून. खात्री नसेल तर नुसता फराळ द्या, कुणी कमी समजत नाही.
- जैन घर: चिवड्यात कांदा-लसूण-बटाटा नको. सूर्यास्तानंतर बरेच जण जेवत नाहीत, म्हणून ताट चारच्या आत पोहोचवा.
- मुस्लिम घर: रमचा केक कधीही नाही, ‘थोडीच आहे’ म्हणूनही नाही.
- मधुमेही माणूस: चकली-चिवडा जास्त, गोड नावाला एक.

भिंतीवरचं कॅलेंडर बघायला विसरू नका. मार्गशीर्षातले गुरुवार काही वर्षी नेमके याच आठवड्यात येतात, एकादशी-संकष्टीही येते. उपवासाच्या दिवशी ताट दिलं तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. त्या घरी दुसऱ्या दिवशी जा.

ताट झाकायला क्रोशाचा रुमाल, आणि भांडी नाव घातलेलीच वापरा. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत, त्यामुळे ती चिमूटभर साखर घालून चार-आठ दिवसांनी येतात. तोवर कुठलं कुणाचं ते लक्षात राहत नाही. मुलाच्या हाती ताट देऊन त्याला एकट्याला पाठवू नका. मोठ्या माणसाने बरोबर जायचं, उंबऱ्याच्या आत जायचं, दोन मिनिटं बसायचं. वर्षभर जिन्यात नुसती मान हलवलेली असते, त्या दिवशी तरी बसा. शेजाऱ्यांना घरी बोलवायचं तर संध्याकाळी ५ ते ८, चहा-फराळाला. दुपारच्या मटणाचा वास तोवर जायला खिडक्या उघड्या ठेवा आणि शाकाहारी पाहुण्यांची कपबशी-ताटल्या वेगळ्या काढून ठेवा.

८. २६ डिसेंबर ते ६ जानेवारी

२६ ला घर बंद करून तुम्ही बाहेर पडा: आधी म्हातारे नातेवाईक, मग तिसऱ्या यादीतली घरं. ३१ च्या रात्रीच्या उपासनेसाठी फराळाचा एक डबा न फोडता बाजूला ठेवा. त्या रात्री चर्चच्या आवारात चहाबरोबर काहीतरी लागतं आणि सगळ्यांचे डबे तोवर रिकामे झालेले असतात.

६ जानेवारीला ज्ञानी लोक गोठ्याशी पोहोचले की संध्याकाळी आवराआवर. गव्हाचे कोंब गाईला घाला. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि येशूबाळ वेगळ्या डबीत, वर नाव लिहून, कपाटात ठेवा. पेंढ्यात ते पुढच्या वर्षी सापडत नाही. चांदणीची घडी करा, वायरीचं वेटोळं सैल बांधा. मग नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरचं पान उघडा आणि २४ च्या चौकोनात पेनाने लिहा: मुलांची तिकिटं.